आधी कणगी, मग कुलदैवत
वाचकांचे प्रश्न : काल्पनिक डोंगरी समाज रचताना

अद्भुतकथा लिहिणाऱ्यांनी आपापल्या डोंगरी जमातींबद्दलच्या शंका पाठवाव्यात, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. पत्रं भरपूर आली. बहुतेकांनी जमातीचं दैवत, निशाण, शपथ आणि राजाच्या मुकुटावरचं पीससुद्धा कळवलं आहे. ही माणसं फेब्रुवारीत काय खातात, हे मात्र दोघांनीच लिहिलं. म्हणून या वेळची उत्तरं पोटापासून सुरू केली आहेत.

माझ्या कादंबरीतले ‘खडवे’ पाच हजार मीटर उंचीवर राहतात. भात पिकवतात, बांबूची घरं बांधतात. मित्र म्हणतो, हे पटत नाही. काय चुकलं? — वाचक, राजारामपुरी

मित्राचं ऐका. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. याच अक्षांशावर साडेतीन हजार मीटरवर गाव वसवलं, तर ते इथल्यापेक्षा एकोणीस-वीस अंशांनी गार. मे महिन्यात इथे 37 अंश असताना तिथे 17-18, आणि जानेवारीच्या पहाटे माठातलं पाणी गोठलेलं. म्हणजे भात आणि बांबू दोन्ही बाद. पाच हजारांवर तर धान्यच पिकत नाही. पेरूमधलं ला रिंकोनादा हे जगातलं सर्वांत उंच कायम वस्तीचं गाव मानतात, ते 5100 मीटरच्या आसपास आहे. पण ते सोन्याच्या खाणीवर जगतं, खाणं सगळं खालून येतं. खडव्यांकडे खाण असेल तर खुशाल पाच हजारांवर ठेवा. नसेल तर 3200 ते 3800 या पट्ट्यात उतरवा. तिथे जव येतो, वर्षाला एकच पीक. गाव उत्तरेकडच्या देशात असेल तर मुख्य घरं दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर. समोरच्या सावलीच्या उतारावर बर्फ महिनाभर जास्त राहतो.

आता चूल. साडेतीन हजारांवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ तासन् तास रटरटली तरी दाणा टणकच राहतो. म्हणूनच उंच प्रदेशातली माणसं धान्य आधी भाजतात आणि मग दळतात. तिबेटी लोक भाजलेल्या जवाचं पीठ लोण्याच्या चहात मळून खातात. आपल्याला हे परकं वाटायला नको, मराठीत जवालाच सातू म्हणतात आणि सातूचं पीठ आपल्याकडेही होतं. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात म्हातारी वाफाळत्या वरणाचा भुरका मारते, ते तेवढं काढा. बटाटा हवा असेल तर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतली रीत घ्या : बटाटे रात्री उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. असं चार-पाच दिवस. मग ते हलके, काळपट होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. त्यासाठी रात्री कडक गोठण आणि दिवसा लख्ख ऊन दोन्ही लागतं. ढगाळ डोंगरात हा प्रकार नुसता सडतो.

श्वासाचं गणितही करून ठेवा. या उंचीवर छातीत भरणारा प्राणवायू समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश. खालून आलेल्या सैनिकाला पहिल्या रात्री डोकेदुखी, ओकारी, झोप नाही. तीन हजारांच्या वर एका मुक्कामात चारपाचशे मीटरहून जास्त चढलं की हा त्रास जिवावर बेतू शकतो. त्यामुळे सपाटीची फौज दौडत वर आली आणि त्याच दुपारी लढली, असं होत नाही. निम्मी फौज तंबूत आडवी असते. स्थानिकांच्या रक्तातही सगळीकडे एकच युक्ती नसते. अँडीजमधल्या लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिन वाढलेलं असतं. तिबेटी लोकांत ते तितकं वाढत नाही, ते श्वासच जास्त घेतात. दोन्ही बदलांना हजारो वर्षं लागली. तुमचा नायक सहा महिन्यांत ‘डोंगराचा’ होऊन जातो, ते जमणार नाही.

एका गावात किती माणसं दाखवावीत? मी तीन हजार लिहिली आहेत. — शिक्षक, गडहिंग्लज

तीनशे करा. का, ते हिशेबातच दिसेल.

माणशी रोज अर्धा किलो धान्य, म्हणजे वर्षाला 180 किलो. तीनशे माणसांना 54 टन. जुन्या पद्धतीच्या डोंगरी शेतीत जवाचा उतारा हेक्टरी एक टन धरला, त्यातून 120 किलो बियाणं आणि शंभरेक किलो उंदीर-बुरशीला गेलं, तर हाती 780 किलो. भागाकार केला की 70 हेक्टर, म्हणजे पावणेदोनशे एकर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. प्रत्येक पायरीला दगडी बांध, आणि दर पावसाळ्यात त्यातले काही ढासळणारच. दूध, लोणी, मांस भरपूर असेल तर धान्य निम्म्यावर येईल. तीन हजार माणसांसाठी मात्र 700 हेक्टर कसलेली जमीन लागेल. तेवढं रान एका खोऱ्यात असलं तर तो डोंगर कसला, पठारच म्हणायचं.

पण खरी मर्यादा धान्य घालत नाही, वैरण घालते. एका गाईला दिवसाला दहा किलो वाळकं गवत. सहा महिने बर्फ असेल तर जनावरामागे 1800 किलो गवत उन्हाळ्यातच कापून, वाळवून, गंजीत रचायचं. ओलं रचलं तर आतून तापतं, कधी पेटही घेतं. उशिरा कापलं तर नुसती काडी उरते. या एका कामापायी सगळा समाज बांधलेला असतो. स्वित्झर्लंडमधल्या टर्बेल गावाचा 1517 सालचा नियम प्रसिद्ध आहे : जितकी गुरं ज्याला स्वतःच्या वैरणीवर हिवाळ्यात जगवता येतील, तितकीच त्याने उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायची. 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक मालमत्तेच्या आपल्या मांडणीत हे गाव उदाहरण म्हणून घेतलं होतं. तुमच्या गावाला एक कायदा द्यायचा असेल तर हाच द्या. श्रीमंत माणूस खालून गवत विकत आणून कुरणावर जास्त गुरं सोडू लागला, की कथेतला पहिला तंटा आपोआप उभा राहतो. त्यासाठी शापित तलवार लागत नाही.

मीठ जवळजवळ सगळेच विसरतात. माणशी वर्षाला दोन किलो, गाईला दहा किलो. तीनशे माणसं आणि दीडशे गुरं म्हणजे 2100 किलो. हिमालयात मीठ मेंढ्यांच्या पाठीवर जायचं, एका मेंढीवर दोन बाजूंच्या दोन थैल्यांत मिळून दहा-बारा किलो. म्हणजे दरवर्षी दोनशे मेंढ्यांचा तांडा आलाच पाहिजे. तो अडवणारा माणूस राजापेक्षा मोठा. आणखी एक, डोंगरातल्या मिठात आणि मातीत आयोडीन फार कमी. पिढ्यान् पिढ्या गळ्याला गलगंड, काही मुलं जन्मतः मंद. आल्प्समध्ये हे सर्रास होतं. स्वित्झर्लंडने 1922 पासून मिठात आयोडीन घालायला सुरुवात केल्यावर ते ओसरलं. समुद्राची सुकी मासळी खाणारं घराणं निरोगी आणि बाकीचे गलगंडाचे, असा भेद तुमच्या कथेत ‘देवाची कृपा’ म्हणून सहज खपेल.

खिंडीतून वाट काढायला किती वेळ लागतो? नुसता अंदाज हवा. — वाचक, शाहूवाडी

1892 सालचा नेस्मिथचा नियम वापरा : सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. पंधरा किलोमीटर वाट आणि 1200 मीटर चढ म्हणजे पाच तास, विश्रांती सोडून. ओझं, चिखल किंवा बर्फ असेल तर दीडपट-दुप्पट धरा. चरत जाणारी मेंढरं दिवसाला दहा किलोमीटर गेली तरी पुष्कळ.

तुमच्या भागातली पावनखिंड सगळ्यांच्या डोक्यात असते, त्यामुळे ‘मूठभरांनी खिंड अडवली’ हे हमखास येतं. पण जुलै 1660 मध्ये बाजीप्रभूंना काही तासच खिंड धरायची होती, विशाळगड जवळ होता. तुमच्या गोष्टीतले लोक तीन महिने धरतात. हमाल पाठीवर 30 किलो धान्य नेतो, थंडीत रोज एक किलो खातो. दहा दिवस जायला, दहा यायला : वीस किलो त्याच्याच पोटात. खिंडीपर्यंत पोचतं दहा किलो. शंभर रक्षक तीन महिने पोसायचे तर नऊशे खेपा. तेवढे हमाल तीनशेच्या गावात कुठून आणणार?

एकाच बाईचं सगळ्या भावांशी लग्न, अशी प्रथा मी वाचकाला धक्का देण्यासाठी घातली आहे. ती पटेल का? — वाचक, इचलकरंजी

पटेल. पण धक्क्यासाठी घातलीत तर बाहेरून चिकटवल्यासारखी दिसेल. हिमाचलातलं किन्नौर, उत्तराखंडातलं जौनसार-बावर, लडाख, तिबेट इथे ही चाल होती. जौनसारात तर लोक पांडवांशी नातं सांगतात. लडाखात 1941 साली तिच्यावर कायद्याने बंदी आली. कारण मुख्यतः जमिनीचं. चार भावांनी चार चुली मांडल्या की दोन हेक्टरचे चार तुकडे, पुढच्या पिढीत सोळा, आणि पायरीचं शेत तुकड्यांत कसता येत नाही. पाण्याची पाळी, बांधाची डागडुजी सगळंच अडतं. एका घरात एकच लग्न ठेवलं की जमीन अखंड. शिवाय एक भाऊ शेतावर, दुसरा वरच्या कुरणात, तिसरा मिठाच्या तांड्याबरोबर, अशी कामंही वाटली जातात.

लिहिताना तीन ठिकाणी गाडी अडते. पहिली अडचण वयाची : थोरला पंचविशीचा, नवरी बाविशीची, धाकटा नऊ वर्षांचा. हा धाकटा मोठा होतो तेव्हा त्याला स्वतःची बायको हवी असते आणि तो घर फोडतो. अशा घरांतले तंटे बहुधा धाकट्याकडूनच सुरू होतात. दुसरी, उरलेल्या मुली. एका घरात एकच सून आली की गावात बऱ्याच बायका बिनलग्नाच्या राहतात. त्या कुठे जातात, मठात, भावाच्या घरी, की वेगळी लहान चूल मांडून, हे ठरवलं नाही तर निम्मा समाज कागदावरून गायब. तिसरी नात्याच्या शब्दांची. ‘बाप’ कोणाला म्हणायचं? आपल्याकडे थोरले बाबा, मधले बाबा, धाकले बाबा असे शब्द तयारच आहेत. तेच वापरा, नवा शब्द घडवू नका.

जमीन भरपूर आणि माणसं कमी असतील, तर ही प्रथा काढून टाका. तिथे तिला टेकूच राहत नाही.

आमच्या गावात घरोघरी चांदीचं काम चालतं. माझ्या कथेतली हिमशिखरांवरची जमात जगातली सर्वोत्तम पोलादी शस्त्रं घडवते. घडवण्याचं वर्णन तपासून द्याल? — वाचक, हुपरी

घडवण्याचं वर्णन उत्तम आहे, भात्याचा आवाज तर कानात बसतो. अडचण कोळशाची आहे. जुन्या भट्टीत एक किलो लोखंडाला अंदाजे दहा किलो लोणारी कोळसा जातो आणि एक किलो कोळशाला पाच-सहा किलो लाकूड. म्हणजे दीड किलोच्या तलवारीमागे ऐंशी-नव्वद किलो लाकूड, तेही पहिल्या खेपेला जमली तर. झाडांची सीमा आल्प्समध्ये दोन-सव्वादोन हजार मीटरवरच संपते, हिमालयात चार हजारांच्या आसपास. त्याच्या वर जळण म्हणजे शेणी. शेणीवर स्वयंपाक होतो, पण खनिजातून लोखंड निघत नाही.

उपाय सोपा आहे. भट्टी खाली जंगलात, खनिज वर, आणि मध्ये वाहतूक. कोळशापेक्षा खनिज खाली आणणं परवडतं, म्हणून लोहार खालच्या गावात राहतो; वरच्यांना लोखंड विकत घ्यावं लागतं आणि ते त्याच्यावर जळतात. वरच्या लोकांकडे जे लोखंड असेल ते जपलेलं : सुरी, विळा, दाराची कडी. झिजलेल्या कुऱ्हाडीचा विळा, विळ्याची सुई.

तुम्हाला जे नीट माहीत आहे ती चांदी वापरा की! चांदी 962 अंशांना वितळते, लोखंडाला 1538 लागतात; थोड्या कोळशावर, लहान मुशीत काम भागतं. फिरस्त्या लोकांची तिजोरी म्हणजे बाईचं अंग. लडाखी बायकांच्या डोक्यावरच्या पट्ट्यावर ओळीने पिरोजे शिवलेले असतात आणि तिबेटी दागिन्यांत पोवळं असतं, समुद्रापासून इतकं दूर. दागिना दाखवला की व्यापाराची वाट वेगळी सांगावी लागत नाही.

धनगरी संस्कृती उचलून बर्फाळ डोंगरात नेली तर चालेल का? वालुग, ढोल, घोंगडी, भाकणूक, सगळं हाताशी आहे. — वाचक, पट्टणकोडोली

काही गोष्टी जातील, काही घाटातच अडतील. शेतात बकरी बसवण्याचा व्यवहार जसाच्या तसा जातो : मेंढरांनी रात्री शेतात लेंड्या टाकायच्या, शेतकऱ्याने बदल्यात धान्य द्यायचं. जगभरच्या डोंगरांत हाच करार आहे. भाकणूकही जाईल. पाऊस कसा, पीक कसं, भाव काय, याचं भाकीत यात्रेत जाहीर होतं, त्या वेळी चहूकडचे कळप आणि वाडे, म्हणजे धनगरांचे फिरते तळ, एका जागी आलेले असतात. देवाचं बोलणं होईपर्यंत माणसांच्या सोयरिकी आणि वाटांच्या वाटण्या होऊन जातात. हे दोन्ही एकाच प्रसंगात दाखवलं तर उत्तम.

घोंगडीला खळ चिंचोक्याची लागते. बर्फाच्या देशात चिंच कुठली? तिथे लोकर ओल्या उष्णतेत तुडवून जाड नमदा करतात. फिरण्याचं कारणही वेगळं. आपल्याकडे कळप पावसामुळे हलतात. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापुरात जेमतेम हजार. तो चिखल आणि खुरांचा रोग टाळत, पावसाळा संपल्यावर कळप कोकणात उतरतात. बर्फाच्या डोंगरात हालचाल उभी असते, उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली, त्याच खोऱ्यात. वाड्याचा वर्षाचा नकाशाच बदलतो.

मेंढीऐवजी याक घेणार असाल तर तो तीन हजार मीटरच्या खाली फार दिवस तग धरत नाही, हे ध्यानात ठेवा. मधल्या उंचीला याक आणि गाय यांचा संकर लागतो. त्यातला नर ओझ्याला दणकट पण वांझ असतो. म्हणजे दर पिढीला वरच्या गावचा याक आणि खालच्या गावची गाय एकत्र आणावीच लागते. दोन गावांत कितीही वैर असलं तरी हा व्यवहार मोडून चालत नाही. गोष्ट इथे आपोआप सापडते.

आणि एक विनंती. बिरोबाचं नाव बदलून त्याला नरबळी घेणारा देव करू नका. रीत घ्या, पण जिवंत समाजाचं दैवत खलनायकाच्या गळ्यात बांधू नका.

त्यांचा धर्म आणि मृतांचे विधी कसे असावेत? — वाचक, शाहूपुरी

जे हरवलं तर गाव मरेल, त्याला देव करा. गावाच्या डोक्यावरचा उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल तर हिमकडा कोसळतो. याहून उभ्या उतारावर बर्फ साचतच नाही, कमी उताराला घसरत नाही. मध्ये दाट झाडी असली की बर्फाला सुटायला जागा मिळत नाही. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या आंडरमाट गावाने 1397 सालीच वरच्या जंगलाला कुऱ्हाड लावायला बंदी केली. ती लेखी बंदी होती. आपल्या देवराईत तेच काम देव करतो.

मृतांचं म्हणाल तर दहन झाडांच्या सीमेखालीच. आपल्या पंचगंगेच्या घाटावर लोक शेणी दान करतात, पण वर त्याच शेणीवर हिवाळाभर चूल पेटायची असते. जमीन गोठलेली, खाली खडक, पुरणंही नाही. तिबेटात देह गिधाडांना देतात, त्यामागे श्रद्धेबरोबर हेही आहे. एखाद्या लामाला किंवा सरदाराला दहन मिळालं, तर ते लाकूड कोणी वाहून आणलं ते लिहा. मान त्यावरून कळतो.

नावं कशी ठेवावीत? ‘झ्रक्थोर’, ‘क्षाल्मिर’ अशी ठेवली आहेत. — वाचक, भुदरगड

ती मोठ्याने हाळी देऊन बघा. दरीपलीकडे व्यंजनं पोचत नाहीत, स्वर आणि त्यांचा चढउतार पोचतो. ‘झ्रक्थोर’ पलीकडे ‘ओ’ म्हणून उतरेल. कॅनरी बेटांतल्या ला गोमेरात यासाठी शिट्टीचीच भाषा आहे, ती दोन-तीन किलोमीटर जाते. मेघालयातल्या कोंगथाँग गावात आई प्रत्येक मुलाला एक स्वतंत्र धून देते आणि रानात त्याच धुनेने हाक मारतात. तुमच्या माणसांना दोन नावं द्या, घरातलं जोडाक्षरांचं चाललं तरी रानातलं लांब स्वरांचं.

ठिकाणांच्या नावांसाठी इंग्रजी नकाशे चाळायची गरज नाही. खिंड, नाळ, घळ, सुळका, माची, मेट, सडा, कोंड, टाकं, पाणवठा एवढं तुमच्या तालुक्यातच आहे. ‘मेट’ म्हणजे गडाच्या चढावरची पहाऱ्याची वस्ती. खिंडीच्या जकातीच्या नाक्याला हा शब्द चपखल बसतो. बर्फाला मात्र आपल्याकडे दोन-तीनच शब्द. तिथे साधं वर्णनच नाव म्हणून चालवा : ‘पाय रुततो तो’, ‘वर कवच धरलेला’, ‘रात्री बोलणारा’. पहिल्या वीस पानांत यांतली तीनच वापरा. चौथं आलं की वाचक मागची पानं उलटायला लागतो.